गिलासातलं ढेकूळ

तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्या पाण्यावर पोसलेली जमीन पुढे पाऊसही पीत नाही. असल्या तीन एकरांना खुशालरावांनी अठरा वर्षं खपून माणसात आणलं. दर उन्हाळ्यात जिप्सम फेकायचं, चर मोकळे करायचे, पावसाच्या पाण्यानं खार खाली धुऊन काढायचा. "म्हातारा मातीले पावडर लावून राहिला," म्हणून गाव हसायचं. पुढे त्यांचे टमाटे बाजारात सगळ्यांच्या आधी संपू लागले, तेव्हा ते हसणं थांबलं.

यंदा शेततळं फेब्रुवारीतच आटलं. टमाटे ऐन फुलावर होते. खुशालराव चार दिवस बहिणीकडे चांदूर बाजारला गेले, तेवढ्यात किशोरनं, त्यांच्या मुलानं, बोअरचं पाणी ठिबकला जोडून टाकलं. पोरगा आळशी नव्हता, घाईचा होता; आणि घाईचा माणूस आळशापेक्षा महाग पडतो.

पंधरा दिवसांत टमाट्यांची बुडं काळी पडली. दुकानदारानं कॅल्शियमची कमतरता सांगितली. किशोरनं कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून सोडलं, वरून फवारलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पाण्यातला खारच मुळांना कॅल्शियम घेऊ देत नव्हता, आणि पाणी तर रोज चालूच होतं.

परत आलेल्या खुशालरावांनी काचेच्या गिलासात फिल्टरचं पाणी घेतलं आणि शेतातलं एक ढेकूळ हळूच आत सोडलं. निरोगी माती फुटली तरी तळाशी बसते, पाणी नितळ राहतं. हे ढेकूळ कडेकडेनं धुरकटलं. आठ दिवसांनी दुसरं टाकलं, तर पाणी चहासारखं झालं आणि संध्याकाळपर्यंत निवळलं नाही. त्यांनी तो गिलास किशोरपुढे ठेवला.

"बोअर बंद कर, किशोर. टमाटे जाऊ दे."

"बाबा, शेतात माती चांगली भुसभुशीत दिसून राहिली. तुमी गिलासात काहून पाहता?"

"खार पाणी चालू हाय तवरक ते तशीच दिसते. गोड पाणी पडलं का मंग समजते."

"टमाट्याचे दोन तोडे तर होऊ द्या."

मोटरची वायर तोडून टाकणं त्यांना जड नव्हतं. पण पोरानं स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं ते पहिलंच पीक, म्हणून त्यांनी हात आवरला. ही चूक मात्र त्यांची. दोन तोड्यांचे चार झाले.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. शेजारच्या कोरडवाहू शेतात पाणी जिरून चौथ्या दिवशी वखर चालला. यांच्या शेतात पाणी नुसतं उभं होतं, गढूळ, जागचं न हलणारं. किशोर घोटाभर पाण्यात उतरला, फावड्यानं तळ उकरला आणि हात घालून ढेकूळ वर काढलं. वीतभर खालची माती कोरडी ठणठणीत होती.

ते ढेकूळ घेऊन तो पाण्याबाहेर आला. मग त्यानं शेताच्या धुऱ्यावर बसलेल्या बापाला विचारलं, "आता किती वर्सं लागतील, बाबा?"

"मले अठरा लागली," खुशालराव म्हणाले. "मी आता एकाहत्तरचा आहो."