कंट्रोलरसाहेबांना शहाळं चालत नाही

निवृत्तीला पाच महिने झाले नाहीत तोच चिंतामणरावांच्या दोन्ही मूत्रपिंडांनीही काम सोडलं. सव्वीस वर्षं महाडच्या एसटी स्थानकात कंट्रोलर म्हणून बसून त्यांनी चालक, वाहक आणि प्रवासी या तिन्ही जमातींवर आवाज चढवला होता. आता सोमवारी आणि गुरुवारी ते स्वतःच सकाळच्या गाडीने पनवेलला जात, चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडत आणि पिळलेल्या फडक्यासारखे संध्याकाळी घरी येत. २००३ साल होतं, गावाला हा प्रकार नवा होता. "आलात का रक्त धुऊन?" असं वाणी दुकानातून प्रेमाने ओरडून विचारी.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणी. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? शहाळ्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते सांगितलं की पाहुणे हसत. "शहाळ्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?" खाटेखाली अकरा शहाळी साठली. त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई ती गल्लीत वाटत. गल्लीतल्या पोरांची तब्येत दृष्ट लागण्यासारखी सुधारली.

शहाळी तरी वाटता येत. लोक धीर देत, त्याचं काय करायचं? "मन खंबीर ठेवा." चिंतामणरावांना पहाटे छाती धडधडून जाग येई. वर्तमानपत्र घडीसकट पडून राही. भाकरी अर्धी टाकली जाई. बायकोच्या बांगड्या वाजल्या म्हणून ते ओरडत आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

एका बुधवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या मी जात नाही. सोमवारीही नाही. संपलं."

चारुशीलाबाईंनी समजावलं, रडून झालं, जेवण सोडून झालं. दुपारी उमरठहून जानू आला. हा त्यांच्याच स्थानकातला जुना चालक, हातात अर्थातच दोन शहाळी. दारातच बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"काय साहेब, उद्या नाय जायचं म्हणं?"

"नाही. आणि ती शहाळी आधी बाहेर ठेव. मला मारायला आलास काय?"

"मरायला तर तुमीच निघालात. मंग शहाळ्याचा राग कशाला?"

जानूने स्टूल ओढलं.

"फेरी रद्द करायची तर कारण लिवायला लागतं. मी एकदा वरंधची गाडी नेली नाय आन् कारण लिवलं 'कंटाळा'. सगळ्या स्टँडासमोर तुमी माझी खरडपट्टी काढलीत. आता बोला, काय लिवू?"

"लिही, लांब पडतं."

"रोज शेकडो माणसं जातात पनवेलला. नाय चालणार."

"लिही, सुई दुखते."

"आठ महिने टोचून घेतलीत की."

"मग लिही, भीती वाटते!" चिंतामणराव एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. "यंत्र वाजलं की वाटतं, गेलेलं रक्त आता परत येत नाही. घरी आलो की पुढच्या वाराची भीती. झोप नाही. सकाळी उठायचं कशासाठी, तेच कळत नाही. बोलू कुणाशी? तोंड उघडलं की लोक धीर देतात!"

दारात उभ्या चारुशीलाबाई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. जानूने ओठांवर आलेलं 'धीर धरा' गिळून टाकलं.

"हां, हे कारण हाय. डाक्टरला सांगितलंत?"

"तो वजन विचारतो, रक्तदाब विचारतो. हे कुठे विचारतो?"

"मंग सांगायला तरी उद्या जावंच लागल."

एका चालकाने आपल्याला नियमात पकडावं, या संतापाने चिंतामणराव रात्रभर तळमळले.

गुरुवारी गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली. त्यावर त्यांनी नव्या कंट्रोलरची हजेरी घेतली आणि पनवेलला पोचले. डॉक्टरांनी कागद चाळले. "वजन ठीक. आणखी काही?"

एरवी ते "काही नाही" म्हणत. आज त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, खाली बघत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"डायलिसिसवरच्या बऱ्याच जणांना असं होतं. हाही आजारच आहे, त्याला उपचार आहेत. किती दिवसांपासून होतंय?"

"आठ महिने!" चिंतामणराव कडाडले. "आणि हे तुम्ही आज विचारताय?"