बसायचं काम

माझा दोस्त पेशानं सुतार, पण दिवसभर बसून असतो. त्याला आळशी म्हणाल तर याद राखा! आमच्या करवतीच्या मशीनची मोटर उसळते, पट्टा घसरतो आणि पातं थांबतं. मोटरच्या फळीवर कुणी जड माणूस बसला तरच मशीन चालतं. मी पडलो चिपाड, म्हणून तो बसतो आणि मी लाकूड कापतो. मेकॅनिकलाही बोलावलं होतं. तो तपासायला फळीवर बसला, मशीन चाललं आणि "चांगलंय की!" म्हणून तो निघून गेला.

मध्यंतरी सासूबाईंसाठी खुर्ची केली. ती तयार होताच दोस्त म्हणाला, "गड्या, फळी फार टोचते रे," आणि खिळे ठोकून त्यानं खुर्ची फळीवरच बसवली. मी कपाळाला हात लावला.

सासूबाई खुर्ची न्यायला आल्या. जावयाचा धंदा बसला, असं त्या गल्लीभर सांगत फिरायच्या. त्यांना बघून दोस्त धडपडत उठला आणि पातं थांबलं. सासूबाईंनी खुर्चीत बसून बघितलं. पातं असं गरगरायला लागलं, की विचारू नका.

"झकास झालीय. घरी पाठवा," त्या म्हणाल्या.

"आई, ही इथून हलत नाही."

"मग मी तरी कशाला हलू?"

आता दोस्ताचे हात मोकळे झालेत, काम दुप्पट होतंय. आणि सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावतात, "जावयाचा धंदा कसला बसतोय? मी बसलेय ना!"