पाच जणांचा एक दंड

आमच्या ह्यांना ‘नाही’ म्हणताच येत नाही. नाव घेते, वाल्मिक. धुळ्याकडून नरोलीला कंपनीत कामाला येऊन अकरा वर्षं झाली. कुणासाठी गॅसच्या लाइनीत उभं राहायचं, कुणाची शिफ्ट करायची, कुणाच्या पोराच्या शाळेत काका म्हणून जायचं, हा बाबा सदा हजर. घरचा नळ मात्र चार महिने गळतोय.

यंदा डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाची कीर्ती चाळीत आली. तिच्या कॉलेजच्या अंजली मॅडमनी तिला अभ्यास दिलेला, रात्रपाळीच्या कामगारांचं बीपी मोजायचं. पाच रविवारांत चाळीस माणसं भरली नाहीत तर सगळं बाद, असं ती म्हणाली. पण रविवारी गडी सापडतो होय? कुणी ओव्हरटाइमला, कुणी वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला. पोरगी ओट्यावर रडवेली होऊन बसली, आणि आमचे हे विरघळले.

पहिल्या रविवारी स्वतःच्या नावाने बसले. पुढे चाळीतले चिंधा, चेतन, बारकू, गोकुळ, दर रविवारी एकेकाच्या नावाने. तोंडाला कंपनीचा मास्क, कधी टोपी, कधी रुमाल. एकदा तर माझा चष्मा! ती पोरगी मशीनच्या आकड्यावरून डोळे उचलेल तर शपथ. मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होते.

सहाव्या रविवारी मॅडमच आल्या. कीर्ती नुसती उड्या मारत होती. “सुनंदाकाकू, या एका चाळीत पाच जणांचं बीपी एकशे सत्तरच्या वर! काहीतरी मोठं सापडलंय!” मॅडमनी पाचही जणांना बोलावून पुन्हा मोजलं. चौघं ठणठणीत. चिंधा म्हणाला, “मॅडम, माझं याआधी कधी मोजलं?” सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले.

कीर्तीचं तोंड पांढरंफटक. ह्यांनी कान धरले. “पोरीचं काम वाया नको जायला. आणखी चार माणसं आणतो.”

“तुम्ही काहीएक आणू नका!” मॅडम कडाडल्या. मग कीर्तीला म्हणाल्या, “चार फॉर्म रद्द कर, आणि का केले ते लिही. चेहरा न बघता मोजलंस, तेही लिही. खरे छत्तीस मला चालतील. आता सांग, हे पाच आकडे कुणाचे?”

“एकाच माणसाचे.” तिने पहिल्यांदाच ह्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. “काका, पाच आठवडे बीपी एवढं आहे. डोकं दुखतं का हो?”

“दुखतं की. रोजच.”

माझं हसूच मेलं. अगं बाई, मी काय बघून हसत होते! सगळ्यांदेखत रडले आणि रडत रडतच ह्यांना झापलं, “दुनियेच्या जागी बसता. उद्या तुम्हाला काही झालं, तर तुमच्या जागी मी कुणाला बसवू?”

 सोमवारी ह्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी सुट्टी टाकली.