ओसरीतले बूट

एतेलका आमच्या केरेकतो गावची टपालवाली. उंच, हाडापेरानं दणकट, बोलणं मोजकं. आधी तिचा नवरा टपाल वाटायचा. एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून तो सायकलसकट कालव्यात गेला. त्याला पुरून आठवडा झाला नाही, तोच त्याची टोपी डोक्यावर घालून ही फेरीला निघाली. बावीस वर्षं झाली त्याला. गावातलं एकही कुत्रं तिच्यावर भुंकत नसे, आणि मला तेही खटकायचं. काहीतरी चारत असणार, त्याशिवाय का? मी आहेच अशी. विल्माला निरसं दूध दिलं तरी ती आधी वास घेते, असं माझी आई म्हणायची.

ब्याण्णव सालच्या वसंतात, देश फुटत असताना, फौजेची बोलावणी यायला लागली. आम्ही हंगेरियन, राहतो सर्बियात. लढायचं कुणाशी, तर सक्तीच्या फौजी नोकरीत आमची माणसं ज्यांच्याबरोबर एका बराकीत जेवली, झोपली, त्यांच्याशी. बोलावण्याचं पाकीट हातात देऊन सही घ्यावी लागते. देणारी कोण? एतेलका.

गावानं ठरवलं, कुणी जायचं नाही. लपूनछपून नाही, उघड सांगायचं. आगीच्या बंबखान्याच्या अंगणात आम्ही चादर टांगली: ‘आमची माणसं या लढाईला देणार नाही.’ दोन्ही भाषांत लिहिलं, वाचता आलं नाही असं कुणी म्हणायला नको. पुरुष मधे बसायचे आणि भोवती आम्ही बायका, घरून आणलेल्या स्टुलांवर. फौजी पोलिसांची जीप दिवसातून चारदा गावातून फिरायची, पण एवढ्या माणसांतून कुणाला ओढून न्यायची त्यांची छाती होत नव्हती.

पण माणसाला अंघोळ लागते. डुकरांना खायला घालावं लागतं. पुरुष पाळीपाळीनं तासभर घरी जायचे, आणि जीप दीडशे घरं सोडून नेमकी त्याच दारात थांबायची. अकरा दिवसांत तिघं गेले. आमच्या शेजारणीचा, बोर्बालाचा, भाऊ तर माळ्यावर मक्याच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरून बसला होता, तरी उचलला.

कुठंतरी पाणी मुरत होतं. मी बोर्बालाला म्हटलं, “रोज सकाळी शहरात कोण जातं? टपालाची थैली आणायला?”

“एतेलका? अगं, तिनं माझ्या सासूला डोळे गेल्यावर वर्षभर पत्रं वाचून दाखवली.”

“मग घरातलं सगळं ठाऊकच असेल तिला. नवरा नाही, पोरगी सरहद्दीपलीकडे नांदते. तिचं काय जातंय?”

एवढं पुरलं. दुपारी एतेलका फेरी संपवून आपलं स्टूल घेऊन आली, तशा आम्ही सरकून जागा भरून टाकली. कॉफीचा कप तिला वगळून पुढे गेला. ती घटकाभर उभी राहिली आणि स्टूल घेऊन परत गेली. मला, खरं सांगते, बरं वाटलं.

गुरुवारी माझ्या नवऱ्याची, गेलेर्तची, पाळी होती. तो अंघोळ करून माळ्यावर पडला होता, मी शेवया कापत होते. दारात एतेलका.

“विल्मा, बूट आत घे.”

“कुठले बूट?”

“गेलेर्तचे. ओसरीत आहेत. रस्त्यावरून दिसतात. त्या तिघांच्याही दारात असेच होते, चिखलानं ओले. पुरुषाचे ओले बूट दारात, म्हणजे पुरुष घरात. मला सायकलवरून कळतं, तर जीपवाल्यांना कळणार नाही?”

आमच्याकडे चिखलाचे बूट घेऊन घरात पाऊल टाकणं म्हणजे घरच्या बाईच्या तोंडावर थुंकणं. माणूस माळ्यावर लपायला पळतानाही बूट ओसरीत काढून, जोडी नीट लावून पळतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसलं ते वेगळंच.

“अस्सं,” मी म्हटलं, “म्हणजे रस्त्यावरून घरं हेरता तुम्ही, टपालवाल्या बाई. आता तुमच्याच तोंडून कळलं.” आजवर मी तिला ताई म्हणत आले होते.

“विल्मा, मला हवं ते म्हण. आधी बूट उचल.”

मी दार लावून घेतलं. बूट उचलले नाहीत. हिनं सांगितलं म्हणून? मुळीच नाही.

पाऊण तासानं, शेवया चुलीवर असताना, जीप आली. त्यांनी घर शोधलंसुद्धा नाही. अधिकाऱ्यानं ओसरीतला एक बूट उचलला, अंगठ्यानं चिखल दाबून पाहिला आणि माळ्याकडे तोंड करून म्हणाला, “खाली ये बाबा, अनवाणी का बसलास?” गेलेर्त उतरला. तेच बूट घातले. लेस बांधली. “शेवया उतू जातील,” एवढंच म्हणाला मला.

बंबखान्यात बायकांनी मला घेरलं. कोण आलं होतं घरी? कुणाला ठाऊक होतं? “एतेलका आली होती,” मी म्हटलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पुढचं मात्र गिळलं. सांगितलं असतं तर माझा नवरा माझ्याच हट्टापायी गेला, हे चौघींत कबूल करावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौघीजणी एतेलकाला दंडाला धरून अंगणात घेऊन आल्या. बोर्बालानं तिची थैली उलटी केली. पत्रांबरोबर बुटांचे पाच जोड खाली पडले.

“चोरटी,” बोर्बाला ओरडली. “ओसरीतून उचलत होती. पुरावा म्हणून फौजेला द्यायला.”

कुणीतरी तिची टोपी काढून घेतली. एतेलकानं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि तेही रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी गप्पच राहिले असते.

“सोडा तिला,” मी म्हटलं. “हे बूट दिसतात म्हणून माणसं धरली जातात. काल ती मला तेच सांगायला आली होती. मीच दार लावलं. तुम्हीही लावलं असतं, म्हणून आज न विचारताच उचलत होती.”

पुरुष आपापल्या पायांकडे बघायला लागले. बोर्बालानं टोपी झटकून एतेलकाच्या हातात दिली, आणि स्वतःचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. एतेलका बसली.

मग बोर्बाला माझ्याकडे वळली. तिचा नवराही घरी आला की त्याच मक्यात लपायचा.

“आणि काल का नाही सांगितलंस गं, विल्मा?” ती म्हणाली. “आज सकाळी माझा नवरा तासभर घरी होता. बूट दारात होते.”

“वाचला ना पण?”

“एतेलकानं उचलले म्हणून वाचला.”

मी खाली बसायला गेले. दोन्ही बाजूंची स्टुलं सरकली आणि मधली जागा भरून गेली.