अकरावा प्रश्न

आयुष्यात गाढवपणे मी पुष्कळ केले. पण बाकीचे घाईगडबडीत झाले. हा एक मात्र अगदी सावकाश, विचारपूर्वक, कागदावर शाईचा डागही न पाडता केला. म्हणून तोच सांगतो. चहा घ्या, गार होईल.

बावन्न-त्रेपन्न सालची गोष्ट. मी तेव्हा वऱ्हाडातल्या कारंज्यात विम्याचा एजंट होतो. आता हे काम म्हणजे काय? परक्या माणसाच्या ओट्यावर बसायचं आणि विचारायचं, तुमची आई कशानं गेली? लघवीला जळजळ होते का? घरात कुणाला वेड लागलं होतं का? सख्खा भाऊ विचारणार नाही ते विचारायचं, आणि वर चेहरा हसरा ठेवायचा!

कंपनीचा फॉर्म इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन चार रविवार बसलो आणि तो मराठीत उतरवला. सतरा प्रश्न, ओळीनं आकडे घालून. शिवाय माझा एक नियम होता: गिऱ्हाईकाचं उत्तर आपल्या तोंडानं पुन्हा उच्चारायचं नाही. ऐकायचं, लिहायचं, कागद घडी करून पिशवीत. बायकोलाही सांगायचं नाही. या नियमाचा मला भारी अभिमान होता. तेवढा लक्षात असू द्या.

जवळच्या मानोरा गावचे मोतीलालजी हे माझे गिऱ्हाईक. कापडाचं दुकान, सरळ माणूस. त्यांच्या मुलीचं, सुशीलाचं, कारंज्याच्या कस्तुरचंदजींच्या मुलाशी जमत आलं होतं. कस्तुरचंदजींची धान्याची आडत होती. मुलगी पाहून झाली, पसंत पडली, आता फक्त होकार यायचा होता. मोतीलालजींचे कान त्याच्याकडेच लागलेले.

विमाही त्यांना तेव्हाच उतरवायचा होता. दोन दिवसांनी वाढदिवस होता, त्यानंतर वय एकानं वाढणार आणि हप्ताही चढणार. नेमकी त्या दिवशी मानोऱ्याची मोटार बिघडली. मग म्हटलं, फोन करू. माहिती विचारू, हप्ता सांगू, कागद आजच्या टपालानं रवाना. मानोऱ्याच्या पोस्टात नुकताच फोन आला होता, तिथं त्यांना बोलावून घेतलं की झालं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. किती आधुनिक!

आमच्या पोस्टातला फोन होता पोस्टमास्तरांच्या टेबलावर. टेबलासमोर तिकिटांची रांग. त्यात बाजाराचा दिवस! आणि तेव्हाचा फोन म्हणजे काय, निम्मा आवाज तारेतून जायचा, निम्मा आपल्या घशाच्या जोरावर.

"मोतीलालजी! मानोरा! ऐकू येते काय?" मी ओरडलो.

ऐकू येत होतं. मी कागद सरळ केला आणि सुरुवात केली.

"रक्ताची ओकारी?" थांबलो, ऐकलं, लिहिलं. "दमा?" लिहिलं. "फेफरं? फेफरं, फेफरं! झटके येतात ते!" लिहिलं. "घराण्यात वेड?" लिहिलं. "क्षय? कुणाकुणाला?" लिहिलं. अकराव्या प्रश्नाला तर दोनदा ओरडावं लागलं. "मूळव्याध! मूळ-व्या-ध!"

उत्तर एकही उच्चारलं नाही हं! नियम म्हणजे नियम. सतरा प्रश्न झाले, हप्ता सांगितला, घाम पुसला, फोन ठेवला. वळून बघतो तो सगळं पोस्ट माझ्याकडेच बघतंय. तिकिटं चिकटवणाऱ्यांच्या जिभा तशाच बाहेर.

पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "अरेरे. चांगला मानूस होता हो."

"कोन?"

"मोतीलालजी. किती दिवस काढतीन आता?"

"अवो मास्तर, त्याइले काय झालं?"

"आता तुमीच तर सांगून राह्यले होते! दमा, फेफरं, घरान्यात येड. आनिक काय व्हायचं राह्यलं?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. फोन आमच्या गावाला नवीन. लोकांना माझी बाजू ऐकू आली. तिकडून मोतीलालजी खणखणीत आवाजात 'नाही, नाही' म्हणत होते ते फक्त माझ्या कानात. मी एकदा जरी मोठ्यानं 'नाही का? बरं!' म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण माझा नियम!

मास्तर पुढं म्हणाले, "आनिक ते कस्तुरचंदजी तुमच्यामांगंच उभे होते. मानोऱ्यालेच फोन लावाचा होता, होकार द्याले. तुमचा आठवा प्रश्न झाला आन् गेले निघून."

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर. न्हाव्यानं दाढी करता करता सांगितलं, "मोतीलालजीले म्हने साखळदंडानं बांधून ठेवते." एकानं तर मला गाठून विचारलं, मानोऱ्याचं कापडाचं दुकान विकायला निघणार का!

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं मोतीलालजी स्वतः दारात. हातात चिठ्ठी. कस्तुरचंदजींनी कालच सायकलवर माणूस धाडून कळवलं होतं: घाई नको, पुढे बघू.

"भाऊ, म्या तुमाले खरं खरं सांगतलं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "घरात जे बायकोशी बोललो नाही ते तुमाले सांगतलं. आन् पोरगी माही कालपासून जेवली नाही."

टोपी घातली, पिशवी खांद्याला लावली आणि दोघे आडतीवर गेलो. मोतीलालजी बाहेर ओट्यावर थांबले. मी आत शिरलो आणि समोरच्या ज्वारीच्या पोत्यावर बसलो. गादीवर कस्तुरचंदजी, काट्यापाशी दोन हमाल, माल घेऊन आलेले तीन-चार जण.

"कस्तुरचंदजी, काल तुमी ऐकले ते फक्त प्रश्न होते."

"हो ना. मंग उत्तरं काय होती? समदी नाहीच होती काय?"

आता बघा पेच! सतरापैकी सोळा उत्तरं 'नाही' होती. एक 'हो' होतं. किरकोळच, पण होतं. सगळी 'नाही' म्हणावं तर खोटं. एक 'हो' म्हणावं तर विश्वासघात.

"ते मले सांगता येत नाही जी."

"सांगता येत नाही म्हंजे हाये!" कस्तुरचंदजींनी मांडीवर थाप मारली. "अवो, भल्या मानसाले असे प्रश्न कोनी इचारते काय? संशय असल्याबिगर?"

"सगळ्याइलेच इचारते. मलेही इचारले होते."

"तुमाले?"

"हो. माह्या विम्याच्या वक्ती. हेच सतरा."

कस्तुरचंदजी पुढं झुकले. "मंग तुमी काय सांगतलं?"

काटा थांबला. हमाल थांबले. मी दाराकडे पाहिलं. ओट्यावर मोतीलालजींची पाठ दिसत होती, जरा वाकलेली. म्हटलं, दुसऱ्याची उत्तरं आपली नाहीत. पण स्वतःची तर आपलीच आहेत ना?

मी प्रत्येक कागदाची नक्कल ठेवतो. माझ्या फॉर्मचीही पिशवीत होती. ती काढली, उभा राहिलो आणि पोस्टात वाचलं तेवढ्याच मोठ्यानं वाचू लागलो. या वेळी उत्तरांसकट.

"रक्ताची ओकारी? नाही! दमा? नाही! फेफरं? नाही! घराण्यात वेड? एक चुलते, थोडेसे!"

हमाल हसले. कस्तुरचंदजी नाही हसले, पण त्यांचा चेहरा सैल झाला. ओट्यावरची पाठ वळली. मोतीलालजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मी दहाव्यापर्यंत आलो आणि कागदाची घडी घालू लागलो.

"आन् अकरावा?" कस्तुरचंदजींनी विचारलं.

"मूळव्याध?" मी वाचलं. थांबलो. "आहे. सात वर्षांपासून."

कस्तुरचंदजी असे हसले की पगडी डोळ्यांवर आली.

"अवो मंग ज्वारीच्या पोत्यावर काहून बसले होते, बाप्पा! या, गादीवर या!"

मी गादीवर गेलो. त्यांनी माझा हात धरून जवळ ओढलं आणि कानात हळूच काहीतरी सांगितलं, स्वतःबद्दल. काय ते मी तुम्हाला सांगणार नाही. मोतीलालजींचं ते एक 'हो' कुठलं, तेही नाही. पण आपल्याला कुणाचं गुपित राखायचं तर फक्त उत्तर झाकून भागत नाही, प्रश्नही हळू विचारावा लागतो, हे मी त्या गादीवर बसून शिकलो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी!

कस्तुरचंदजींनी मोतीलालजींना आत बोलावलं, गूळ मागवला. होकार फोनवर जायचा होता, तो समोरासमोर झाला.

लग्न थाटात लागलं. जेवणाची पंगत बसली. मी शेवटच्या रांगेत, भिंतीच्या कडेला, कुणाला दिसू नये असा पाटावर टेकत होतो. तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून मोतीलालजींनी दोनशे माणसांवरून हाक मारली. फोनवर बोलत होते त्याच खणखणीत आवाजात.

"अरे, अकरा नंबरले गादी द्या रे कोनी!"

आणि सांगायला वाईट वाटतं, पण मांडवात एकानंही विचारलं नाही की अकरा नंबर कोण.