पोटातल्या नसेत गोंद

रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्याचं शरीर त्याच्या मालकीचं राहत नाही, ते त्या दिवशीच्या लॉटच्या मालकीचं होतं. सुरतेजवळ पलसाण्याला कापड रंगवायच्या आमच्या डाइंग हाउसात निळा लॉट चालू असला की नाक शिंकरलं तर निळं, पिवळा असला की बनियन पिवळा. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या एका आठवड्यात मला डांबरासारखं काळं शौचाला होऊ लागलं, तेव्हा मी बायकोला आमच्या खानदेशी बोलीत छातीठोकपणे सांगितलं, "काळा लॉट चालू शे ना!" मी डाइंग मास्तर. रंगाच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. निदान मी तसं समजत होतो.

आठवडा सरता सरता कापड रंगवायच्या जेट मशीनशेजारीच मला ओकारी झाली. गटारीत लालभडक पसरलं. मी ऐटीत तोंड पुसलं आणि ओडिया ऑपरेटरला म्हणालो, "कुछ नहीं, थोडा कलर पेट में गया होगा."

तो गटारीकडे बघत राहिला. "मास्टरजी, आज तो हरा चल रहा है."

एवढं ऐकून मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलो.

सुरतेच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी रक्त चढवलं, तोंडातून नळी घालून आत पाहिलं आणि विचारलं, "केटलुं पीओ छो?" मी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलो नव्हतो. कधीतरी झालेली कावीळ आत मुक्काम ठोकून बसली होती आणि तिनंच यकृताची वाट लावली, हे तपासण्यांत नंतर निघालं. पण तोवर मास्तर पितो अशी बातमी कारखान्यात पोचली होती. दारूबंदीच्या गुजरातेत तिनं माझा भाव उलट वाढवलाच. भेटायला आलेले दोघं बायको बाहेर गेल्याची संधी साधून कानाशी लागले, "मास्तर, माल मिळतो कुठं?" मला पत्ता देता येईना म्हटल्यावर मी कंजूष आहे अशी त्यांची खात्री झाली.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. यकृत कडक झालंय. रक्ताला त्यातून वाट मिळत नाही, म्हणून ते मागं जठराच्या नसांत तुंबतं. नस फुगते, पातळ होते, फुटते. "सध्या थांबलंय. पुन्हा फुटली तर इथपर्यंत पोचाल याची खात्री नाही. त्या नसेत सुईनं गोंद भरू. रक्त लागलं की तो लगेच घट्ट होतो."

"धोका?"

"आहे. गोंद पुढं सरकून फुफ्फुसात जाऊ शकतो. पण न भरण्यात धोका जास्त."

दुसऱ्या दिवशी खानदेशातून थोरला भाऊ आला. जीपमध्ये मागं गादी अंथरूनच आला होता. आमच्या शेजारच्या गावात एक बाबा कावीळ उतरवतात. बारीक काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात, ती वाढत वाढत खाली उतरली की कावीळ गेली. ती माळ मीही एकदा घातली होती. माळ बेंबीपर्यंत आली, कावीळ जागची हलली नाही. भाऊला मात्र अजून भरवसा होता.

"चाल गावले. आठे दवाखानामा काय ठेयेल शे? डिंक लाईसन मानूस वाचस का कधी?"

"मी नही येस."

"आणि काही बरंवाईट व्हयनं ते?"

"ते बी आठेच व्हऊ दे."

"लोके काय म्हनतीन?"

"म्हनू दे. तेस्ना पोटमा नळी नही ना!"

भाऊनं डोळे वटारले. बायको त्याच्यासमोर कधी बोलत नसे. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बायका डोक्यावर पदर घेऊन गप्प असतात. ती भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, पण खोलीभर ऐकू जाईल अशी, "भाऊस्ले सांगा, जीपमधली गादी वर आनी द्या. आठली टोचस."

भाऊ खाली गेला. गादी खांद्यावर घेऊन आला.

मग गोंद भरून घ्यायची माझी पाळी आली. घशात कडू फवारा मारून घसा बधिर केला, डाव्या कुशीवर झोपवलं, नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत प्लॅस्टिकची कडी अडकवली आणि नळी आत सोडली. "हलायचं नाही, बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. हलणं मी सोडलं असतं. नर्सच्या हातात गोंदाची पिचकारी दिसली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. आमच्याकडे रंग सोडण्याआधी पाइप धुऊन घ्यावाच लागतो, नाहीतर सगळा लॉट वाया. हे यांना कुणी सांगितलं असेल का? मी सांगायला गेलो. घशातून जो आवाज निघाला तो ऐकून मी गुदमरतोय असं वाटून डॉक्टरांनी घाईघाईनं सगळी नळी बाहेर ओढली.

"शुं थयुं?"

"नळी धुतली का, विचारत होतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "भाई, यहाँ मास्टर मैं हूँ." नळी नव्याने घालावी लागली, आणि या वेळी नर्सनं माझी हनुवटी घट्ट धरून ठेवली. मग मात्र सगळं झटपट झालं. नंतर त्यांनीच सांगितलं, उशीर झाला तर गोंद सुईतच थिजतो.

रक्त परत आलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होती, तेव्हा भाऊ एसटीनं आला आणि तपासणीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. डॉक्टरांनी नळीतून बोथट टोक घालून नस दाबून पाहिली. "कडक. दगड झालीय."

"म्हणजे आता बरा झाला?" भाऊनं विचारलं.

"या नसेपुरता. यकृत तसंच आहे. दुसरी फुगू शकते."

भाऊचा चेहरा पडला. त्याला दोन शब्द सुनावावेत असं मला फार वाटलं, पण तोंडात कडी होती. मी हात वर केला, आधी नळीकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट हवेत गोल फिरवलं. डॉक्टरांना सांगायचं होतं, आत आलाच आहात, तर सगळे कोपरे बघून घ्या.

डॉक्टर हसले आणि त्यांनी नळी पुढं वळवली.