लावायची कुठे?

१४ ऑगस्ट २०२४. तेरा लाख बेचाळीस हजार सहाशे रुपये. कोंडीरामने त्या दिवशी विजेवरची टॅक्सी घेतली. निम्मे पैसे नोकरी सुटताना मिळालेले, निम्मं कर्ज. सल्ला माझा होता.

कोंडीराम लोअर परळच्या आमच्या ऑफिसात एकोणीस वर्षं ड्रायव्हर होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी तो मला साहेब म्हणे आणि मी त्याला अरे-तुरे करी. ब्रेक असा लावायचा की मागच्याच्या हातातला चहा हलत नसे. कंपनीने गाड्या भाड्याने घ्यायचं ठरवलं आणि त्याची नोकरी गेली. टॅक्सीसाठी त्याच्या मनात हायब्रिड होती. "पेट्रोल टाकलं की झालं. बॅटरी आपली आपण भरते," म्हणाला.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसातच तक्ता केला. हायब्रिड साडेतीन लाखांनी महाग, किलोमीटरला सव्वाचार रुपये. विजेवरची सव्वा रुपया.

त्याने कागद बराच वेळ पाहिला. "साहेब, पण ही लावायची कुठे?"

"ऑफिसची लावतोस तिथेच. गिरणीच्या भिंतीला."

"तसं नाय हो. लावायची म्हणजे..."

"कोंडीराम, आकड्यांशी भांडू नकोस."

शेजारचे कारकून हसले. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

सव्वा रुपया हा घरच्या विजेचा हिशेब होता. दादरला आमच्या पार्किंगमध्ये मीटर आहे, तेच मी धरलं. कोंडीराम लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहतो. गाडी चार्जिंगला कुठे लावायची, हे तो विचारत होता.

गेल्या महिन्यात हिंदमाताला टॅक्सीला हात केला, ती त्याची निघाली. मला गिरगावात बहिणीकडे जायचं होतं. पुढे त्याची बायको शांता रिकामा डबा घेऊन बसली होती.

"ह्यांनी माझ्यार सवत हाडली हा, साहेब," ती डॅशबोर्डवर हात आपटत म्हणाली. "तिका भरवता भरवता ह्यांका जेवक गावना नाय."

मग कोंडीरामने सांगितलं: बाहेरच्या चार्जिंगचा दर अडीचपट, शिवाय रोज दोन-अडीच तास रांगेत. तेवढी भाडी बुडतात. साठीला गावी जायचं ठरलं होतं. आता हप्ते फिटेपर्यंत, पासष्टपर्यंत चालवणार.

"अरे, मला तेव्हा कळलंच नाही," मी म्हणालो.

"तुमची काय चूक, साहेब? मलाच नीट सांगता आलं नाय."

खरं म्हणजे त्याने दुसऱ्यांदा 'लावायची' म्हटलं तेव्हा मला कळलं होतं. तक्ता पुन्हा करावा लागला असता, आणि कारकून बघत होते. हे मी गाडीत सांगितलं नाही.

गिरगावात मीटर एकशे बहात्तर झालं. मी पाकीट काढलं, तर त्याने हात धरला. "तक्त्याचे पैसे तुम्ही कुठे घेतलेत?"

मी पाकीट परत ठेवलं. कोंडीरामचे एकशे बहात्तर रुपये देणे आहे.